‘प्रतिकारशक्ती’ शब्दाचा विवेक

तीव्र रक्तकर्करोग पुनश्च उद्भवलेला रुग्ण न्हावा शेवा परिसरातील औषधालयात ‘प्रतिकारशक्तीचे काही द्या’ म्हणतो, तेव्हा विक्रीचा मोह आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या परिश्रमांतून साकारलेल्या आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बी-पेशींच्या कर्करोगाविरुद्ध सिद्ध करून परत देतात. तत्पूर्वी केमोथेरपीने त्याच्या लिम्फोसाइट पेशी हेतुपुरस्सर घटवितात. अशा काटेकोर क्रमात परस्पर गुळवेल देणे अनुचित होय. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतविकार नोंदविला आहे. पथ्य व धीर आपण द्यावा. औषध मात्र कर्करोगतज्ज्ञांच्या अनुमतीनेच. टाटा मेमोरियलचे केंद्र खारघरला, जवळच आहे. व्यवसायबंधूंनी रुग्णास तेथे विनाविलंब पाठवावे. वैद्यधर्म यातच आहे.