जिन्याखालची सायकल

शेजारच्या वहिनी परवा संध्याकाळी विरजण मागायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "जिन्याखालची सायकल भंगारवाल्याला देऊन टाकावी म्हणते. पोर दहावीत गेली. आता ट्यूशनला हेच सोडतील स्कूटरवरून." पोर मागेच उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती खाली बघत राहिली.

वहिनींचं अगदीच चुकतं असं नाही. नाक्यावरची टोळकी, उलट्या बाजूने घुसणाऱ्या ऑटोरिक्षा मीही रोज पाहते. पण गंमत बघा, याच जबलपुरात कारखान्याच्या भोंग्याबरोबर सायकलींचे लोंढे खमरियाकडे नि गन कॅरेज फॅक्टरीकडे निघायचे. पुरुषमाणसाची सायकल त्याच्याबरोबर निवृत्त व्हायची. मुलीची मात्र दहावीतच निवृत्त होते!

मी वहिनींना बसवून घेतलं आणि वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली. ही पुण्याची मुलगी. इंग्लंडमध्ये बोर्नमथला शिकत होती. २०१८ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून ती सायकलवर निघाली, ती थेट पृथ्वीप्रदक्षिणेला! वय उणंपुरं वीस. अशा प्रदक्षिणेचा नियम कडक आहे. एकाच दिशेने जायचं आणि निदान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किलोमीटर, सायकलनेच कापायचे. समुद्र आडवा आला तर विमान चालतं.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, मग युरोपातले देश, रशिया आणि शेवटी भारत असे चौदा देश तिने पालथे घातले. कधी कधी एका दिवसात ३०० किलोमीटरपर्यंत मजल मारली. आपल्या हिशेबाने सांगायचं तर पहाटे जबलपूर सोडायचं आणि लखनादौन, सिवनी करत त्याच दिवशी नागपूर गाठायचं. आपण तर बसने गेलो तरी उतरताना कंबर धरून उतरतो!

बराचसा प्रवास एकटीने. सायकलवर तंबू, हत्यारं, कपडे, सगळं ओझं स्वतःच ओढायचं. कॅनडात अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटलं. रशियात बर्फात एकटीने रात्री काढल्या. पारा कुठे उणे वीस अंशांवर, तर कुठे सदतीसवर. तरी पोरगी पुढेच गेली. २३ डिसेंबर २०१८ ला कोलकात्यात तिने ठरलेलं अंतर पुरं केलं, एकूण २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. आशियातली सर्वांत वेगवान प्रदक्षिणा म्हणून वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. मग जिथून निघाली तिथेच शेवट करायचा म्हणून ती पुन्हा पर्थला गेली. खर्चाचा मोठा भार आईवडिलांनी उचलला होता.

वहिनी म्हणाल्या, "ती पुण्याची हो! आणि अशी एखादीच."

खरं आहे. म्हणून मग मी हॉलंडच्या अ‍ॅनेमीक व्हॅन व्ह्‌लॉइटनचं नाव काढलं. ही तर शर्यतींची सम्राज्ञी. पण शर्यतीच्या सायकलवर ती बसली, तेव्हा बरोबरीच्या मुली केव्हाच पुढे गेल्या होत्या. आधी ती फुटबॉल खेळायची. गुडघ्याने दगा दिला म्हणून सायकलकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सर्वांत पुढे असताना उतारावर अशी आपटली की पाठीच्या मणक्यांना तीन ठिकाणी तडे गेले. पाच वर्षांनी टोकियोत तिने सुवर्णपदक जिंकलं. २०२२ मध्ये महिलांची टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा ती चाळिशीच्या उंबरठ्यावर होती.

ती काही आकाशातून पडलेली नाही. तिच्या देशात शाळकरी पोरीपासून पांढऱ्या केसांच्या आजीपर्यंत सगळ्याच जणी सायकल चालवतात. मुलगी मोठी झाली म्हणून तिथे कुणी सायकल काढून घेत नाही. आपल्याकडे सरकार शाळेतल्या मुलींना सायकली वाटतं आणि आपण घरातली भंगारात घालतो. मग उद्या पदकांच्या यादीत आपलं नाव का नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भीती वाटते हो."

भीती वाटणारच. वेदांगीच्या आईलाही त्या १५९ दिवसांत किती रात्री झोप लागली नसेल! पण भीतीवर उपाय सायकल विकणं हा नाही. सकाळी रहदारी नसताना बापाने बरोबर जावं, दोन मैत्रिणी जोडून द्याव्यात, पंक्चर काढायला शिकवावं. पृथ्वीप्रदक्षिणा नको, रविवारी भेडाघाटपर्यंत जाऊन यावं.

रविवारी सकाळी अंगणात पंपाचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर भाऊजी चाकात हवा भरत होते आणि पोर फडक्याने हँडल पुसत होती. वहिनींनी मला पाहून हात हलवला, पण डोळे मात्र फाटकाकडेच लागले होते.