खोटेपणाचे केंद्र मेंदूत नसते

जुम्याच्या बयानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. सूरह अलकमध्ये 'नासिया' म्हणजे कपाळाला खोटे म्हटले आहे, आणि विज्ञानाने आता कपाळामागे खोटे बोलण्याचे केंद्र शोधले आहे! ऐकणारे सुब्हानअल्लाह म्हणतात. मला मात्र तळोजा तुरुंग आठवतो. कळंबोलीपासून तो फार लांब नाही.

कारण पोलिसांची प्रयोगशाळाही हेच मानते. खोटेपणाची आणि गुन्ह्याच्या आठवणीची मेंदूत खूण असेल, तर ती यंत्राने वाचता येईल. 'ब्रेन मॅपिंग' याच समजुतीवर उभे आहे. संशयिताच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्याला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवतात. तो गप्प राहिला तरी संगणक सांगतो, हे याने अनुभवले आहे! 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला खुनासाठी दोषी ठरवताना अशा चाचणीचा आधार घेतला. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली.

नार्को चाचणी ही त्याचीच बहीण. 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात आरोपींच्या नार्को चाचण्या झाल्या. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. बारांपैकी एक जण 2021 मध्ये कैदेतच वारला होता.

मेंदूविज्ञान काय सांगते? चरण रंगनाथ यांचे 'व्हाय वुई रिमेंबर' (2024) वाचा. आठवण ही टेप नव्हे. आठवताना मेंदू ती पुन्हा रचतो आणि रचताना बदलतोही. खोटे बोलताना कपाळामागचा भाग काम करतो, हे खरे. पण हिशेब करताना, राग आवरताना, विचारपूर्वक खरे बोलतानाही तोच भाग काम करतो. 2009 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत काळजी घेतली नाही, तर त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसते, हे त्यांना दाखवायचे होते.

कुणी म्हणेल, आमचा हेतू ईमान वाढवण्याचा आहे. सूरहमध्ये ते शब्द नमाज पढणाऱ्याला अडवणाऱ्या उद्धट माणसाबद्दल आहेत. त्यांना स्कॅनरच्या शिक्क्याची गरज नाही. उलट, उद्या विज्ञानाने मत बदलले की त्या पोरांच्या ईमानाचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. पण कोठडीतल्या माणसाची संमती ती केवढी! आणि आपले लोक तरी काय करतात? आपल्या पोराची नार्को झाली की जुलूम म्हणतात, विरोधकाची करा म्हणून मोर्चा काढतात.

जे यंत्र आपल्या पोरांविरुद्ध खोटे आहे, ते सगळ्यांविरुद्धच खोटे आहे. हे म्हणायची हिंमत हवी असेल, तर आधी मिंबरवरून खोटेपणाचे केंद्र विकणे बंद करा.