पिंपातला पाहुणा

अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरी बिअर बनवायला केंद्राची मुभा मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! तिकडे गेलेल्या आपल्या वऱ्हाडी पोरांना हे वेड लागलं की लगेच कळतं. फ्रिजमधून आईचं लोणचं बाहेर आणि यीस्टच्या बाटल्या आत. बाळाच्या अंघोळीचं पाणी हातानं पाहायचं, पिंपाला मात्र थर्मामीटर. बायको बोलत असते, कान पिंपातल्या बुडबुड्यांकडे. सुटीत वाशिमकडच्या शेलूबाजारला आले, की आई ज्वारी निवडते अन् हे तिला मोड आणून वाळवायचा सल्ला देतात. (आफ्रिकेत ज्वारीची बिअर होते, हे मात्र खरं.) पण भाऊ, समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला म्हणून वाशिमचा उन्हाळा थंड झाला नाही. एल बिअरच्या यीस्टला साधारण विशीतलं तापमान मानवतं, इथं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिवाय आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय पिंप भराल तर पहिला घोट घ्यायच्या आधी उत्पादन शुल्कवाले दारात येतील. सुटीपुरतं ताक प्या.