वजन उतरलं, ताकदीचं काय?

मैत्रिणींनो, गेल्या दीड वर्षात माझं वजन ८४ किलोवरून ६३ वर आलं. रक्तातली साखर वाढू लागली म्हणून मी हे मनावर घेतलं होतं. घर साताऱ्यात, काम सांगली जिल्ह्यातल्या गावांत. या धावपळीत जमण्यासारखा व्यायाम एकच, पहाटे चालणं. चालत राहिले, जेवण निम्म्यावर आणलं. बैठकीला गेले की बायका कौतुक करायच्या. मग एक दिवस कार्यालयात वह्यांचा गठ्ठा माळ्यावर ठेवताना हात थरथरले. जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबत होती. चरबीबरोबर ताकदही गेली होती.

नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं की स्नायूही झडतात. चालण्याने हृदय आणि फुप्फुसं सुधारतात, साखर आटोक्यात राहते. पण स्नायू आणि हाडं टिकवायची तर त्यांच्यावर भार पडावा लागतो. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा हीच शिल्लक कामी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं : आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. यातलं पहिलं वाक्य आपल्यापर्यंत पोचतं, दुसरं वाटेतच अडतं.

कुठे अडतं ते मी पाहिलं. एका जिममध्ये गेले तर शिकवणारा म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही चालायच्या पट्ट्यावरच थांबा. वजनं उचललीत तर शरीर पुरुषी होईल.’ आठवड्यातून दोनदा वजनं उचलून कुणी पैलवान होत नाही. आणि झालीच तर बिघडलं काय? २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्यांच्या सत्काराला सारं गाव जमतं. पण मी ज्या गावांत काम करते, तिथल्या तालमीत बाईने पाऊल ठेवलेलं मला दिसलेलं नाही.

तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, ‘आम्ही रोज ओझीच वाहतो की!’ खरं आहे. उसाची मोळी, वैरणीचा भारा, पाण्याची कळशी. पण ते ओझं किती असावं, कधी थांबावं, हे आपण ठरवत नाही. व्यायामात भार मोजून वाढवायचा असतो, मध्ये विश्रांतीचा दिवस असतो आणि त्यावर पोटभर जेवण लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ६० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. सगळ्यांच्या मागून तळाची आमटी खाणाऱ्या बाईला ती कुठून मिळणार? डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी आपल्याही ताटात आली पाहिजेत.

मी आता चार दिवस झपाझप चालते आणि दोन दिवस घरीच ताकदीचा व्यायाम करते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेला कॅन उचलणं. माळा आता त्रास देत नाही. मात्र ज्यांना रक्तदाब आहे, गुडघे दुखतात किंवा अंग बाहेर येतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता कातडीचं. वजन सावकाश उतरलं आणि खाली स्नायू भरले, तर ती थोडीफार आवळते. त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि पूर्ववत होईलच असं नाही. महागडं क्रीम ताणलेली कातडी आवळू शकत नाही. घड्यांमध्ये घाम साचून चट्टे उठतात, म्हणून तो भाग धुऊन कोरडा ठेवावा, सुती कपडे घालावेत. दुकानदाराने दिलेल्या मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्याने कातडी आणखी पातळ होते, म्हणून डॉक्टरांना दाखवावं. जखमा वारंवार होत असतील तर शस्त्रक्रिया हा उपचार आहे, त्यात चोरटेपणा नको. पण केवळ दिसण्यासाठी कुणी आपल्याला लाजवत असेल, तर बाळंतपणानंतरच्या पोटाची लाज आपण जशी नाकारली, तशी हीही नाकारूया.

येत्या ८ मार्चला आपल्या गटांनी ग्रामपंचायतीकडे एक मागणी लेखी द्यावी : गावची तालीम रोज दोन तास बायकांसाठी. चालायला रस्ता आपण पहाटे उठून मिळवला. तालमीची किल्ली मात्र मागावीच लागेल.