पाण्यावर हक्क सर्वांचा, सांडपाणी कोणाचे?

शिवनाथचे पाणी कोणाचे, या प्रश्नावर छत्तीसगडचे राजकारण वर्षानुवर्षे तापत राहिले. राज्य जन्माला येण्यापूर्वीच, १९९८ मध्ये, मध्य प्रदेशातील औद्योगिक विकास निगमाने दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाणीपुरवठ्यासाठी रेडियस वॉटर या खासगी कंपनीशी २२ वर्षांचा करार केला. नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टाच विकला गेल्याची भावना पसरली, मच्छीमार आणि शेतकरी संघटित झाले, विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ मध्ये करारावर कठोर ताशेरे ओढले. पुढे २०१८ मध्ये महानदीच्या पाणीवाटपावरून ओडिशाबरोबरचा तंटा लवादापुढे गेला. शिवनाथ ही त्याच महानदीची उपनदी. हे दोन्ही वाद पाण्याच्या हक्काचे. त्याच नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र राजकारणाच्या परिघाबाहेरच राहिला.

भिलाईत त्याचे उत्तर शोधणे विशेष कठीण आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने आपल्या वसाहतीसाठी भुयारी गटारे बांधली. परंतु वसाहतीभोवती वाढलेल्या शहराच्या वाट्याला ही आखणी आली नाही. आज या एकाच नागरी पट्ट्यात दुर्ग, भिलाई, भिलाई-चरोदा आणि रिसाली अशा चार महापालिका आहेत. कारखान्याचे नगर प्रशासन वेगळेच. रिसालीची महापालिका तर २०१९ मध्ये भिलाईतूनच वेगळी काढण्यात आली. छोटी महापालिका नागरिकाला जवळची वाटते, हा युक्तिवाद नाकारण्याचे कारण नाही. पण नाला प्रभागरचना पाहून वाहत नाही. तो उतार पाहून वाहतो. एका महापालिकेचे सांडपाणी सीमा ओलांडताच दुसरीची डोकेदुखी ठरते आणि शेवटी शिवनाथ किंवा खारून नदीला मिळते. दुर्गचे पिण्याचे पाणी शिवनाथमधूनच उचलले जाते, ही गोष्ट येथे विसरता येणार नाही.

आदेशांची वानवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना शुद्धीकरण प्रकल्पांसाठी तीन वर्षांची मुदत दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरी सांडपाणी दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर होते. प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६. छत्तीसगडची उभारलेली क्षमता १०० दशलक्ष लिटरच्याही आत होती. याचे कारण केवळ निधीची टंचाई नव्हे. प्रकल्पाचे भूमिपूजन होते, फलक लागतो. त्यानंतरचे वीजबिल, कुशल कर्मचारी आणि घरोघरची गटारजोडणी यांचा भार महापालिकेवर पडतो. त्याचा लाभ मिळतो तो प्रवाहाखालच्या गावांना, आणि ती गावे तिथे मतदान करीत नाहीत.

यावर उपाय घटनेतच आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या, अनेक नगरसंस्था असलेल्या महानगर क्षेत्रासाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने नियोजन समितीची तरतूद केली आहे. दुर्ग-भिलाई नागरी क्षेत्राने २०११ च्या जनगणनेतच हा आकडा ओलांडला. शिवाय रायपूर आणि दुर्ग-भिलाईला कवेत घेणाऱ्या राजधानी क्षेत्र प्राधिकरणाचे विधेयक विधानसभेने २०२५ मध्ये संमत केले. रस्ते आणि भूखंडांपूर्वी नाले या प्राधिकरणाच्या अखत्यारीत आणावेत, प्रत्येक नाल्याचा उत्तरदायी अधिकारी नेमावा आणि नदीमुखाशी मोजलेली पाण्याची प्रत दरमहा जाहीर करावी.

खर्चाची चिंता अनाठायी नाही. पण १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी असलेल्या नागपूरने वाट दाखवली आहे. तेथील महापालिकेने २००८ मध्ये महानिर्मितीशी करार केला आणि शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे वळवले. भिलाईच्या दाराशी तर पोलाद कारखान्यासारखा मोठा ग्राहक उभा आहे. तो या पाण्याचा खरेदीदार झाला, तर तलाव-धरणांतील तेवढेच स्वच्छ पाणी वाचेल आणि प्रकल्प चालता ठेवण्यात महापालिकांनाही स्वारस्य उरेल. लवादापुढे महानदीच्या थेंबाथेंबाचा हिशेब मागणाऱ्या राज्याने आपण नदीला काय परत करतो, याचाही हिशेब द्यावयास हवा.