दूध शहराला, धोवण गावाला

दूध म्हटले की आपल्या मनात पावित्र्याची भावना जागी होते. देवाला दूध, बाळाला दूध, आजाऱ्याला दूध. नागपंचमीला तर जो दूध पीत नाही त्या नागालाही आपण ते पाजू पाहतो. त्यामुळे दुधापासून प्रदूषण होते असे कोणी म्हटले तर ते पटत नाही, उलट थोडा रागच येतो. कारखाना म्हणजे चिमणी, धूर आणि काजळी अशी आपली समजूत. डेअरी मात्र कशी पांढरीशुभ्र! फरशी धुतलेली, कामगारांच्या डोक्यावर टोप्या. पण मित्रहो, ही स्वच्छता धुऊन निघालेले पाणी जाते कोठे, हे आपण कधी विचारले आहे काय?

डेअरीत आलेले दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवतात आणि लगेच ४ अंशांपर्यंत थंड करतात. तापवायला बॉयलर, थंड करायला वीज. आणि आपल्याकडची वीज म्हणजे कोराडी-खापरखेड्याचा कोळसा, हे नागपूरकरांना सांगायला नको. परंतु त्याहून मोठी गोष्ट पाण्याची आहे. टाक्या, नळ्या, कॅन, टँकर हे सारे रोज कॉस्टिक सोड्याने, मग आम्लाने आणि पुन्हा पाण्याने धुवावे लागते, नाही तर दुसऱ्या दिवशीचे दूध नासते. सरकारी मानकांनी डेअरीला एक लीटर दुधामागे तीन लीटर सांडपाण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आपण सकाळी चहासाठी अर्धा लीटरची पिशवी आणतो, तेव्हा तिच्या मागे दीड लीटर धोवण कायद्याच्या चौकटीत राहूनच वाहू शकते.

या धोवणात विष नसते. असते ते अन्न, आणि अडचण नेमकी तीच आहे. दुधातली साखर, स्निग्धांश, प्रथिने नदीत गेली की सूक्ष्म जीव त्यांवर तुटून पडतात आणि ते पचवताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरतात, पाणी काळे पडून घाण वास सुटतो. एक लीटर दूध गटारात सांडले तर नदीवर त्याचा भार घरगुती सांडपाण्याच्या तीनशे-चारशे लीटरइतका पडतो. दूध फाडल्यावर जे हिरवट पाणी उरते, ज्याला इंग्रजीत व्हे म्हणतात, तेही घरगुती सांडपाण्याच्या सुमारे शंभरपट जड असते.

आमच्या घरी हे पाणी फेकले जात नाही. आई त्यात कणीक मळते. लोणी काढल्यावर उरलेले ताक शेजारी जाते, त्यातूनही उरले तर म्हशीच्या आंबोणात. अशिक्षित म्हणून जिला आपण बाजूला बसवतो ती बाई दुधाचा थेंबही वाया जाऊ देत नाही, आणि शिकलेले शहर मात्र पनीरचे पाणी मोरीत ओतते. आमच्या वस्तीतल्या एका पनीर करणाऱ्याला मी विचारले, तर तो म्हणाला, "ताई, इतकं पाणी ठेवू कुठं?" त्याचेही खरेच आहे. मोठ्या कारखान्यांजवळ हे पाणी आटवून भुकटी करण्याची यंत्रे असतात. (त्याच जातीच्या पाण्यातून काढलेली प्रथिने व्यायामशाळेत जाणारे आपले मित्र हजारो रुपये देऊन डब्यातून विकत घेतात, तो भाग निराळा!) मोठ्या डेअऱ्यांना शुद्धीकरण यंत्रणाही बंधनकारक आहे. पण गल्लीबोळांतल्या शेकडो खवा-पनीरवाल्यांचे काय? त्यांची मोरी गटाराला आणि गटार नदीला मिळते.

नागपुरात ती नदी म्हणजे नाग. नागेची सगळी घाण दुधाची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतांश घाण तुमच्याआमच्या संडास-मोरीची आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेले बरेच पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, ही चांगली गोष्ट. तरीही नाग काळीच वाहते. सांडपाण्याचा अभ्यास करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच शहरात आहे. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे, पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ चा. नागेच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींची योजनाही मंजूर झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की काय!

शहरातून निघालेली नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि ते सारे पाणी गोसीखुर्दच्या धरणात साचते. माझे आजोळ कुही तालुक्यात आहे. मामांच्या दोन म्हशींचे दूध सकाळी संकलन केंद्रावर जाते आणि तेथून टँकरने नागपूरला. मामा म्हणतात, "पोरी, म्हैसबी थे पाणी हुंगून मांगं सरते." ज्या गावाने शहराला दूध पाठवले त्याच गावाकडे शहर आपले धोवण परत पाठवते. केंद्रावर दुधात पाणी निघाले तर मामांचे पैसे कापतात. नदीच्या पाण्यात दुधाची घाण निघाली तर कोणाचे कापतात?

यावर कोणी म्हणेल, विदर्भात आधीच डेअऱ्या कमी, त्यात ही पोर खोडा घालते. तसे नाही. कापसाने दगा दिला तरी दुधाचे पैसे हाती येतात, हे मी घरात पाहिले आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा विदर्भ-मराठवाडा प्रकल्प चालू झाला तेव्हा आमच्याकडे आनंदच झाला. मदर डेअरीने नागपुरात मोठा नवा कारखाना उभारण्याचे जाहीर केले आहे, त्याचेही स्वागत. माझे म्हणणे इतकेच, की धोवण शुद्ध करण्याचा खर्च दुधाच्या हिशोबात धरावा. आज तो नदीकाठच्या गावांच्या खाती पडतो. खवा-पनीरवाल्यांचे पाणी गोळा करायला महानगरपालिकेने टँकर फिरवावा. जनावरांना ते पाजता येते, फक्त ते ताजे पोचले पाहिजे.

पिशवीची कथाही अशीच आहे. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाची पिशवी पन्नास मायक्रॉनची असावी आणि रिकामी परत केल्यास किमान पन्नास पैसे मिळावेत असे ठरले. जून २०१९ मध्ये पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले, की राज्यात रोज सुमारे एक कोटी पिशव्या फेकल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो. मी आमच्या दुकानदाराकडे धुतलेल्या पिशव्या नेऊन पैसे मागितले तर तो हसला. गंमत अशी, की गरीब घरांत ही पद्धत कायद्याच्या आधीपासून आहे. पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला विकतात. फेकतात ते ज्यांना आठ आण्यांची गरज नाही ते. मुंबईत पूर्वी रिकामी बाटली दिल्याशिवाय आरेच्या दुधाची भरलेली मिळत नसे. बाटली धुवायलाही पाणी लागते हे मान्य, म्हणून मला दिल्लीची रीत बरी वाटते. तेथे मदर डेअरीच्या यंत्रातून टोकन टाकून घरच्या भांड्यात दूध मिळते, आणि ते पिशवीच्या दुधाहून स्वस्त पडते.

आपल्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहात दूध पिशव्यांतून येते आणि त्या पिशव्या मागच्या भिंतीपाशी साचतात. दूध कॅनने घ्यावे आणि तोवर पिशव्या रद्दीत द्याव्यात, असा अर्ज प्राचार्यांच्या नावे लिहून ठेवला आहे. ग्रंथालयात माझ्याकडेच आहे. त्यावर सध्या सात सह्या आहेत, त्यांतली एक शिपाईकाकांची.