भेंडीचा हळद्या

परवा सकाळी परसातून सासूबाईंची हाक आली, "एलि एल्ला हळदी आग्याव, नोड!" मळमड्डीतल्या आमच्या घरामागे भेंडीची दहा-बारा रोपं आहेत. बी त्यांच्या माहेरचं, दरवर्षी राखून ठेवलेलं. तीन रोपांच्या शेंड्याकडच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक झालेल्या, मधला भाग मात्र हिरवाच. सासूबाई पिवळी पानं खुडत होत्या.

मी एम. ए., विज्ञान दहावीलाच सुटलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांना पान दाखवलं. "पानं खुडून काय होणार, मॅडम? झाडच उपटा," ते म्हणाले.

हा विषाणू पांढरी माशी आणते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला भिंत असते, पण भिंतीत बारीक वाटा असतात, त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. जुन्या घरांत शेजारणीला वाटीभर आमटी देण्यापुरती खिडकी असायची ना, तशा. त्यांतून साखर जाते, निरोप जातात. विषाणू एरवी तिथून मावत नाही. मग तो पेशीकडूनच आपली खास प्रथिनं बनवून घेतो. ती वाट सैल करतात आणि त्याचा जनुकीय ऐवज पलीकडे पोचवतात. असं पेशीमागून पेशी, आणि अन्नरसाबरोबर थेट कोवळ्या शेंड्यापर्यंत. या कुळातले बहुतेक विषाणू शिरांतल्या अन्नवाहिन्यांतच मुक्काम करतात, म्हणून आधी शिरा पिवळ्या. आपल्याला पान पिवळं दिसतं तेव्हा पाहुणा केव्हाच पुढच्या पानात गेलेला असतो!

या रोगाची नोंद 1924 मध्ये मुंबई इलाख्यात झाली. धारवाड तेव्हा त्याच इलाख्यात होतं. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' आणि बेंगळूरच्या संस्थेने 'अर्का अनामिका' ही वाणं काढली, दोन्ही रानभेंडीशी संकर करून. काही वर्षं ती टिकली, मग बऱ्याच ठिकाणी तीही बळी पडू लागली.

घरी येऊन हे सगळं कानडीत सांगितलं. सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, "माहेरचं बी आहे गं." मी म्हटलं, "म्हणूनच. नाहीतर माशी उरलेल्यांवरही आणेल."

संध्याकाळी तिन्ही रोपं मुळासकट उपटून पिशवीत बांधली. सासूबाई तेवढा वेळ तुळशीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नंतर त्यांनीच कडेच्या धडधाकट रोपाला लाल दोरा बांधला. त्याच्या शेंगा आता कुणी तोडायच्या नाहीत, बियाण्यासाठी आहेत.